मात्रा गाळणारं इंजिन

पहिला दिवस, शुक्रवार : ब्राउन्स्टन

बोट पाहिल्यावर सुनंदा पहिलं वाक्य बोलली ते असं : "अहो, ही तर चाळीतली खोली. नुसती लांब ओढलेली." खोटं नव्हतं. रुंदी जेमतेम सात फूट आणि लांबी सत्तावन्न. इंग्लंडच्या मध्य भागातले कालवे अठराव्या शतकात खणले तेव्हा त्यावरची लॉकं, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीला नेणारे दारांचे हौद, सात फुटी ठेवली, म्हणून बोटीही सात फुटी झाल्या, आणि माल जास्त मावावा म्हणून सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत लांबल्या. आमची मात्र सहलीसाठी आठवड्याच्या भाड्यावर घेतलेली, आत गॅसची शेगडी, फ्रिज, संडास सगळं असलेली नवी बोट.

आमचा मुलगा समीर मिल्टन कीन्सला नोकरी करतो. त्याच्या घरामागून ग्रँड युनियन कालवा जातो. दोन वर्षांपूर्वीच्या खेपेला सकाळी फिरायला गेलो असताना पुलाखालून एक जुनी बोट गेली आणि मी जागच्या जागी थांबलो. ठुक… ठुक… ठुक, मध्येच एक ठोका गायब, मग पुन्हा ठुक. माझी नोकरीची सगळी वर्षं आकाशवाणीत ध्वनिमुद्रणात गेली; पण त्या घडीला जवळ होता फक्त मोबाइल, आणि तोही खिशातून निघेपर्यंत बोट वळणाआड. या वेळी बॅगेतले चार कपडे कमी केले आणि रेकॉर्डर, दोन मायक्रोफोन आणि केबलींचं भेंडोळं घेतलं. मुंबईच्या विमानतळावर त्या भेंडोळ्यापायी वीस मिनिटं खुलासे करावे लागले, ते सोडा.

इंजिनाच्या आवाजात एवढं काय, असं सूनबाईंनी विचारलं. तिला सांगितलं तेच इथे लिहितो. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. मळ्यातल्या विहिरीवर लिस्टरचं ऑइल इंजिन होतं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, ते चालवायचा. दोन्ही हातांनी हँडल मारायचं, चाकानं वेग धरला की कॉम्प्रेशनचा खटका पाडायचा, आणि पहिला बार झाला की हँडल ओढून घेऊन बाजूला व्हायचं. नाहीतर हात गेलाच. रात्री उसाला पाणी असलं की ते रात्रभर चालायचं. आई घरात भाकरी थापता थापता म्हणायची, "इंजान मोकळं पळतंय, पाणी तुटलं वाटतं." फूटव्हॉल्व्हमधून हवा धरली की पंपाचा भार जातो आणि इंजिनाचा सूर बदलतो, तो तिला फर्लांगभरावरून कळायचा. १९८४ साली विजेची मोटर आली आणि इंजिन भंगारवाल्यानं किलोवर नेलं. मी तेव्हा आकाशवाणीतच होतो. गावी येताना कधीमधी मशीनही बरोबर असायचं. भजनं मुद्रित केली, जात्यावरच्या ओव्या केल्या, पहाटेचा पिंगळासुद्धा केला. इंजिन करावं असं एकदाही डोक्यात आलं नाही. त्याला कोण कलाकार म्हणणार?

बोट चालवण्याचं शिक्षण अर्ध्या तासात उरकलं. सुकाणू उजवीकडे ढकललं की बोट डावीकडे. ताशी चार मैलांच्या वर जायचं नाही. समीरनं पहिल्याच पुलाला डावा खांदा घासला आणि काठावर बिअर घेऊन बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. काठावर बसून नुसत्या बोटी बघणाऱ्या रिकामटेकड्यांना इथे खास शब्द आहे, गाँगूझलर. पुढचे दोन दिवस मीही तोच.

दुसरा दिवस, शनिवार : ब्राउन्स्टनचा मेळा

ब्राउन्स्टन म्हणजे नॉर्थॅम्प्टनशायरमधलं टेकडीवरचं छोटं गाव. वर चर्चचा उंच मनोरा, खाली ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन यांचा संगम. संगमावर जोडीनं उभे असलेले दोन बिडाचे पांढरे पूल. एके काळी लंडन आणि बर्मिंगहॅमच्या मधली ही नाक्याची जागा. नावाड्यांची लग्नं, बारशी, मयतं सगळी त्या मनोऱ्याखाली. दर जूनअखेर इथे जुन्या मालवाहू बोटींचा मेळा भरतो. आपल्याकडे यात्रेला बैलगाड्या सजवून आणतात, तसाच थाट. पितळेच्या पट्ट्या घासून लखलखीत केलेल्या, दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, छतावर रंगीत पाण्याचे डबे. बोटी मोजायला लागलो आणि चाळिसाच्या पुढे नाद सोडला.

डोळे मिटून बसलं तर आणखी गंमत. ग्लासगोचं केल्विन इंजिन पेट्रोलवर सुरू करतात आणि गरम झालं की डिझेलवर घेतात. त्या बदलाच्या वेळी आवाज घसा खाकरल्यासारखा फिरतो. मँचेस्टरच्या गार्डनरचा आवाज इतका एकसारखा की पाच मिनिटांत ऐकू येईनासा होतो. रसेल न्यूबेरी आणि नॅशनल ही दोन सिलिंडरची इंजिनं १९३० च्या दशकात ग्रँड युनियनच्या मोठ्या ताफ्यात बसवली होती. ती मध्यलयीत, ठेका सोडत नाहीत. सगळी चांगली. पण मी ज्याच्यासाठी आलो होतो ते बोलिंडर.

ते सापडलं मेळ्याच्या अगदी टोकाला, एका 'जॉशर' बोटीत. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूक कंपनीचे एक मालक जोशुआ फेलोज, म्हणून त्यांच्या बोटींना जॉशर म्हणतात. या कंपनीकडे आधी वाफेच्या बोटी होत्या. त्यांपैकी १९०९ ची 'प्रेसिडेंट' अजून आहे, डडलीच्या म्युझियमची. पण बॉयलर, कोळसा आणि इंजिन मिळून मालाची कित्येक टन जागा खात, आणि भट्टीपाशी जास्तीची माणसं लागत. १९१२ पासून कंपनीनं स्वीडनचं बोलिंडर बसवायला सुरुवात केली. एक सिलिंडर, पंधरा हॉर्सपॉवर, सांभाळायला वेगळा माणूस नको. कालव्यावरची पहिली खरी मोटर तीच. कंपनी स्टॉकहोमची, पुढे तिची व्होल्वोत भर पडली.

मालक सत्तरी ओलांडलेले, बनियनवर डांगरी घातलेले. इंजिन रेकॉर्ड करू का, म्हणून विचारलं. त्यांनी माझ्या हातातल्या मायक्रोफोनकडे बघितलं, मग घड्याळाकडे. म्हणाले, "आत्ता? मग आत्तापासून करा. लोक येतात, ठुकठुक भरून घेतात आणि जातात. आधीची पंधरा मिनिटं कुणाला नको असतात."

मी मशीन चालू केलं. त्यामुळे पुढचं सगळं आठवणीतून नाही, ऐकून लिहितो आहे.

इंजिनाची खोली म्हणजे देवघराएवढी. दोघं उभे राहिलो की तिसऱ्याला जागा नाही. मध्ये कमरेएवढं उंच हिरवं इंजिन, पुढे जड फ्लायव्हील, आणि डोक्यावर बिडाची टोपी. यालाच हॉट बल्ब म्हणतात. या इंजिनाला ना ठिणगी लागते, ना डिझेलइतका दाब. टोपी लालसर तापलेली असली की तिच्यावर उडालेलं तेल पेट घेतं आणि पिस्टन खाली ढकललं जातं. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजानं ही कल्पना काढली आणि ग्रँटमच्या हॉर्न्सबी कारखान्यानं १८९२ पासून अशी इंजिनं विकली. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन नीट चालायला १८९७ उजाडलं. बोलिंडरवाले गृहस्थ हे सांगताना डिझेलचं नाव असं घेत होते, जसं आपण भाऊबंदकीतल्या चुलत्याचं घेतो.

तर टोपी आधी बाहेरून तापवायची. त्यासाठी ब्लोलॅम्प. पितळी टाकीत रॉकेल, पंप मारायचा, पिन घालून भोक साफ करायचं. आमच्या आईच्या स्टोव्हची थोरली बहीण. रेकॉर्डिंगवर पहिली बारा मिनिटं नुसता त्या ज्योतीचा फरफराट आहे. त्यात मध्ये पाण्यावरच्या बदकांचं भांडण, पलीकडच्या बोटीवर कपबशा, आणि गृहस्थांचा आवाज : वडील याच धंद्यात नव्हते, आपण १९७० च्या सुमाराला ही बोट बुडालेल्या अवस्थेत घेतली, इंजिनात तेव्हा चिखल भरलेला होता. मग ज्योतीचा सूर जरा वर चढतो आणि ते म्हणतात, "झाली."

फ्लायव्हीलच्या कडेला स्प्रिंगवर बसवलेली एक खुंटी असते. ती बाहेर ओढायची आणि तिच्यावर पाय ठेवून चाक दाबाच्या उलट दिशेला लाथाडायचं. चाक मागे जातं, दाबाला अडतं, तेवढ्यात तेल पेटतं आणि चाक उसळून दुसऱ्या दिशेला फिरू लागतं. खुंटी आपोआप आत जायला हवी. नाही गेली तर नडगी मोडते. गृहस्थांनी तिसऱ्या लाथेला बार काढला. धाड्‌! माझी लेव्हल लाल रेषेच्या पार गेली, आणि तो पहिला बार रेकॉर्डिंगवर फाटलेलाच आहे. तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं की पहिल्या टाळीसाठी जागा सोडा.

मग धुराची वर्तुळं वर जायला लागली आणि इंजिन हळूहळू विलंबितात आलं. ठुक… ठुक… ठुक… आणि पुढची मात्रा रिकामी. पुन्हा दोन ठोके, पुन्हा एक गाळलेला. दोन वर्षांपूर्वी पुलाखाली ऐकलेलं हेच. त्याचं कारणही साधं निघालं. भार नसताना वेग आवरणारा गव्हर्नर काही फेऱ्यांना तेलच देत नाही. चाक आपल्या जडपणावर फिरून येतं. दोष नाही, काटकसर आहे. पण कानाला ते एखाद्या अनुभवी तबलजीनं मुद्दाम जागा सोडल्यासारखं लागतं. मी दोन मायक्रोफोन लावले, एक क्रँककेसपासून हातभर, एक छतावरच्या धुराड्यापासून सहा फुटांवर, आणि पंचवीस मिनिटं हललो नाही. सुनंदा मध्ये दोनदा येऊन, बघून गेली.

शेवटी त्यांनी मागे जायची करामत दाखवली. या इंजिनाला उलटा गिअर नाही. क्लच सोडायचा, इंजिन मरायला टेकेपर्यंत मंदावू द्यायचं, आणि पिस्टन वर येत असतानाच, वेळेच्या आधी, तेलाचा एक फवारा मारायचा. स्फोट पिस्टनला आल्या वाटेनं परत ढकलतो आणि अख्खं इंजिन उलटं फिरू लागतं. आवाजात एक श्वास रोखल्यासारखी पोकळी येते, मग उलट्या दिशेची पहिली ठुक. त्या पोकळीत काय होईल ते कुणालाच ठाऊक नसतं. कधी कधी इंजिन चक्क मरतं आणि पंचवीस टन कोळसा घेऊन बोट आपल्या मर्जीनं पुढे जात राहते.

रात्री बोटीत बसून क्यू शीट भरलं. हे जुन्या सवयीनं : तारीख, जागा, यंत्र कुठलं, मायक्रोफोन किती अंतरावर, वारा कुठून, टोपी किती वेळ तापवली, पलीकडे कपबशा कोण विसळत होतं. समीर म्हणाला, "बाबा, फाइलला नाव दिलं की झालं ना?" त्याला आकाशवाणीतला एक अनुभव सांगितला. कपाटात एक सुरेख सनई होती, पण स्पूलवर 'सनई' एवढंच लिहिलेलं. ती कुणी, कुठे, कधी वाजवली हे कोणालाच सांगता येईना, म्हणून ती कधी लागलीच नाही.

तिसरा दिवस, रविवार : बोगदा

सकाळपासून पाऊस. बोलिंडरवाले गृहस्थ त्याच दिशेनं निघाले होते आणि त्यांचे नेहमीचे सोबती मेळ्यातच रमलेले. ग्रँड युनियनची लॉकं चौदा फुटी, म्हणजे दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. पाणी वाचतं आणि मेहनतही. तेव्हा ब्राउन्स्टनची सहा लॉकं आम्ही जोडीनं चढलो. समीर आणि मी हँडलं घेऊन पाणी सोडायच्या फळ्या उघडायला, सूनबाई आमच्या सुकाणूवर, सुनंदा छत्री आणि चहा घेऊन सगळीकडे. लॉकच्या दाराचा तो लांब दांडा पाठीनं रेटायचा असतो, हातानं नाही. हे तिसऱ्या लॉकनंतर कळलं, तेव्हा हात गेलेले होते.

वर पोचल्यावर गृहस्थ म्हणाले, "बोगद्यातून माझ्याबरोबर चला." ब्राउन्स्टनचा बोगदा १७९६ चा, २०४२ यार्ड लांब. आत ओढकाठ, म्हणजे बोट ओढणाऱ्या घोड्याची काठची वाट, नाही. घोड्यांच्या काळात घोडा टेकडीवरून चालवत न्यायचे, आणि बोट माणसं फळीवर उताणी झोपून, भिंतीवर पावलं टाकत ढकलायची. बांधताना मोजणीत चूक झाली, म्हणून आत एके ठिकाणी बोगदा वाकडा आहे. पलीकडून येणारी बोट त्या वाकणात उशिरा दिसते.

आत शिरताच आवाज बदलला नाही, त्यानं जागा घेतली. प्रत्येक ठोका विटांवर जाऊन परत येत होता, आणि परत येईपर्यंत पुढचा निघालेला. मला पुढचा आणि मागचा वेगळा करता येईना. गृहस्थ मात्र एका हातानं सुकाणू धरून नुसतं ऐकत होते. भिंत डावीकडे जवळ आली की डावा प्रतिध्वनी आखडतो, त्यावर ते दांडा बोटभर हलवत. दिवा होता, पण त्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. आमच्या आईची आठवण झाली, पण त्यांना कसं सांगणार.

हवेसाठी वर खणलेले झरोके आहेत, त्यातून पावसाचं पाणी धारेनं पडतं. पहिला चुकवला. दुसरा नेमका डाव्या मायक्रोफोनवर. फच्च! आणि डावी बाजू बंद. उरलेला बोगदा एकाच कानानं मुद्रित झाला आहे. तो भाग कापावा का, यावर रात्री वाद झाला. मी ठेवला.

नॉर्टनच्या फाट्याला मुक्काम. इथे एका पट्ट्यात रोमन काळातला वॉटलिंग स्ट्रीट, कालवा, लोहमार्ग आणि एम-१ महामार्ग हे चारही रस्ते एकमेकांना खेटून जातात, कारण टेकड्यांमधली वाट एवढीच. रात्री झोपताना लक्षात आलं की इथे ज्याला शांतता म्हणतात त्यात एक अखंड घरघर आहे. बोलिंडरच्या काळात ही नव्हती. माझ्या सगळ्या बाहेरच्या रेकॉर्डिंगांत ती आहे, आणि पुढेमागे कुणी ऐकेल त्याला वाटेल की हा कालव्याचाच आवाज.

चौथा दिवस, सोमवार : राजकोट

बकबीची सात लॉकं उतरलो. शेवटून दुसऱ्याला बोलिंडरनं उलटायला नकार दिला, इंजिन मेलं, आणि जॉशरचं नाक दारावर जाऊन आदळलं. गृहस्थांच्या तोंडून त्या वेळी निघालेले चार शब्द माझ्या मशीनवर उत्तम आले आहेत. ते पुसा, अशी त्यांनी विनंती केली. मग हसून म्हणाले, राहू द्या, माझ्यानंतर ऐकवा. खाली त्यांची वाट वेगळी झाली. ते तिथेच टोपी तापवत बसले. मी त्यांना फाइली पाठवायचं कबूल केलं.

दुपारी वीडनच्या पुढे बांधाला बोट लावून पोहे चालले होते. पलीकडे कुठेतरी एक इंजिन सुरू झालं. मी केबली पुसत होतो, कान तिकडे नव्हते. सुनंदानं झारा थांबवला.

"अहो, हे आपल्या मळ्यातलं."

लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने तिला त्या आवाजानं झोप लागत नसे. मग काही वर्षांनी मोटर आली, तेव्हा त्याच्याशिवाय लागेना. तिचं ऐकून मी निघालोच. दोनशे पावलांवर एक मोडकळीला आलेली बोट, आत बसायला-झोपायला कसंबसं केलेलं, आणि पुढच्या भागात एक सिलिंडरचं, दोन मोठ्या चाकांचं इंजिन पट्ट्यावर जनित्र फिरवत होतं. लिस्टरचं सीएस. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला साडेसहाशे फेरे. चार स्ट्रोकचं म्हणून त्यांतले तीनशे पंचवीस बार. डर्सलीच्या लिस्टर कारखान्यात १९२९ पासून निघालेलं हे मॉडेल अर्ध्या जगाच्या विहिरींवर पोचलं. पट्टा किंचित सैल होता, दर फेऱ्याला फट्ट असा वाजत होता.

आतला तरुण, कानात बाळ्या, हाताला ग्रीस. मी म्हटलं, आमच्या मळ्यात हेच होतं, डर्सलीचं. तो म्हणाला, "हे डर्सलीचं नाही," आणि चिंधीनं पाटी पुसली. पाटीवर राजकोट.

मी पाटीवरून बोट फिरवून पुन्हा वाचलं. लिस्टरनं स्वतः हे इंजिन बनवायचं केव्हाच बंद केलं. राजकोटच्या कारखान्यांनी केलं नाही. इकडचे हौशी लोक त्या नकलेला 'लिस्टरॉइड' म्हणतात, आणि अस्सल डर्सलीच्या जुन्या इंजिनाला रिंगा किंवा नॉझल हवं असलं तरी गुजरातकडेच बघतात. त्याला सांगितलं की राजकोट आमचं गाव नाही, पण सातारच्या कूपरांनी आणि किर्लोस्करांनीही अशीच इंजिनं गावोगाव पोचवली. त्याला ती नावं माहीत होती! आपल्याकडचं कुणी आलं म्हणून त्यानं चहा केला, दूध न घालता. वीस मिनिटं मुद्रित केलं, सैल पट्ट्यासकट. सुनंदानं त्याला पोहे नेऊन दिले. त्यानं लिंबू पिळायचं असतं हे न विचारताच ओळखलं.

पाचवा दिवस, मंगळवार : ब्लिसवर्थ, स्टोक ब्रुएर्न

ब्लिसवर्थचा बोगदा ३०७६ यार्ड, १८०५ चा. बोट आमचीच, म्हणजे इंजिन ते भाड्याच्या बोटीचं नवं, मिक्सरसारखं. रेकॉर्ड करण्यासारखं काही नाही असं म्हणून मायक्रोफोन पिशवीतच ठेवला होता. पण आत गेल्यावर मध्यावर कुठेतरी आवाज एकदम गुळगुळीत झाला, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा खरखरीत. धावपळ करून मशीन काढलं. नंतर कळलं : मधला भाग खचत होता म्हणून १९८० च्या सुमाराला बोगदा बंद ठेवून तिथे काँक्रीटचं अस्तर बसवलं, १९८४ ला पुन्हा उघडला. म्हणजे जुन्या नावाड्यांना इथे जे ऐकू यायचं ते मधल्या भागात आता कुठलंही इंजिन आणलं तरी ऐकू येणार नाही. दोन्ही टोकांना विटा आहेत तोवर तिथे येईल.

पलीकडे स्टोक ब्रुएर्न. धान्याच्या जुन्या गिरणीत १९६३ पासून कालव्याचं म्युझियम आहे. तिथे या बोगद्यातल्या १८६१ च्या अपघाताची हकिकत समजते : वाफेच्या बोटीचा धूर आत कोंडून माणसं गुदमरून मेली, त्यानंतर हवेसाठी आणखी झरोके खणले. काचेच्या पलीकडे इंजिनंही आहेत, पुसलेली, रंगवलेली, गप्प. मी वाईट म्हणत नाही. एल्समेअर पोर्टच्या मोठ्या म्युझियमात तर जुने कागद, नोंदी, फोटोही सांभाळले आहेत, त्याशिवाय कुठल्या बोटीत कुठलं इंजिन हेसुद्धा कळलं नसतं. पण काचेसमोर मला दोन मिनिटांपेक्षा जास्त उभं राहवेना.

मला जास्त भावला तो दारूच्या गुत्त्यातला एक म्हातारा. लहानपण बोटीवर गेलेला. दहा फुटांच्या केबिनमध्ये आईबाप आणि चार भावंडं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले, त्यात उरलासुरला धंदा बसला. शेवटची नेमाची खेप १९७० पर्यंत चालली : अ‍ॅथर्स्टनचा कोळसा लंडनच्या साउथॉलमधल्या मुरंब्याच्या कारखान्याला. साउथॉल म्हटल्यावर आम्हाला छोले-भटुरे आठवतात, त्याला जॅमचा वास. त्याला बोलिंडर ऐकवलं, हेडफोन लावून. तो टेबलावर बोटानं ठेका धरू लागला, आणि इंजिन जिथे मात्रा गाळत होतं तिथे बोट हवेत थांबत होतं. एकदाही चुकलं नाही. मी त्याला विचारून त्याच्या बोटाचा आवाजही मुद्रित करून घेतला. टेबल लाकडी होतं, छान आला.

परतीचे दिवस

बुधवार, गुरुवार आलो त्याच वाटेनं. ऊन. लॉकं आता सवयीची झाली होती आणि बोलण्यासारखं काही घडलं नाही, फक्त समीरनं पुन्हा तोच पूल घासला. वीडनजवळचा बाळीवाला तिथे नव्हता. शुक्रवारी सकाळी नऊला बोट परत केली.

शनिवार : मिल्टन कीन्स

फाइलींच्या तीन प्रती केल्या. एक बोलिंडरवाल्यांना, एक समीरकडे, एक माझ्याकडे. मग पुतण्याच्या फोनवर दोन तुकडे पाठवले आणि सांगितलं, दादाला ऐकव, मोठ्यानं. दादा आता ऐंशीच्या पुढे. कानाला यंत्र लावतो, पण लागत नाही म्हणून काढूनही ठेवतो.

अर्ध्या तासानं त्याचाच फोन.

"पैलं ऐकलं. ह्ये आपलंच की. पर पट्टा ढिला हाय त्याचा, सांग त्यास्नी."

"सांगतो. आणि दुसरं?"

"दुसरं दोनदा लावलं. आरं, ह्ये मधनंच घास गिळतंय. बिघडलंय त्ये. नॉझल काढून धुवा म्हणावं, कचरा अडकला आसंल."

मी त्याला समजावलं : बिघाड नाही, त्याची घडणच तशी, शंभर वर्षांपूर्वीपासून ते असंच चालतं.

पलीकडे जरा वेळ काही नाही. मागे आमच्या अंगणातला कोंबडा ओरडला.

"मग एवढ्या वर्सांत," दादा म्हणाला, "एकानं बी ध्यान दिलं न्हाई व्हय?"